चार दाखले आणि एक अहवाल : रहस्यकादंबरी लिहून छापेपर्यंतची सव्वातीन वर्षे

२० जून २०२२, सोमवार. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे दोन सख्ख्या भावांच्या कुटुंबांतील ९ जण आपापल्या घरांत मृतावस्थेत आढळल्याची बातमी शिक्षकखोलीत आली, तेव्हा मी दहावीचा विज्ञानाचा तास संपवून वह्या तपासत होते. त्या बाजूने एस.टी.ने शाळेत येणारी मुले दुसऱ्या दिवशी आली नाहीत. सुरुवातीला सर्वांनी हे कर्जामुळे झालेले सामूहिक आत्महत्येचे प्रकरण मानले आणि सावकारीचे गुन्हेही दाखल झाले. आठवडाभराने मात्र पोलिसांनी हे हत्याकांड असल्याचे सांगून एका मांत्रिकासह दोघांना अटक केली. गुप्तधनाच्या आमिषातून चहामधून विष दिल्याचा आरोप पुढे आला. घरे तीच होती आणि गेलेली माणसेही तीच होती, पण आठवड्याच्या तपासाने त्यांच्या मरणाचा अर्थ बदलून टाकला होता. त्या आठवड्याने मला झोप लागू दिली नाही, आणि एका कुटुंबातील संशयास्पद मृत्यूंवर रहस्यकादंबरी लिहावी हा विचार तेव्हा मनात रुजला.

ती कादंबरी ऑक्टोबर २०२५ मध्ये, शेवटचा सरकारी कागद हाती आल्यावर, माझ्या दृष्टीने पूर्ण झाली. मधल्या काळात मला अनेकदा वाट सुचेनाशी झाली होती. कुणाला काय विचारायचे, कोणत्या कागदाला काय म्हणतात, किती थांबायचे, किती पैसे बाजूला ठेवायचे, हे एका ठिकाणी लिहिलेले मिळाले असते तर निम्मी धास्ती कमी झाली असती. म्हणून हे लिहीत आहे. कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा मजकूर तिच्या विक्रीसाठी नाही.

पहिला निर्णय मी लेखणी हातात घेण्यापूर्वीच केला होता : म्हैसाळच्या त्या कुटुंबावर एक ओळही लिहायची नाही. ज्यांचे नातेवाईक आपल्याच तालुक्यात वावरत आहेत आणि ज्यांचे प्रकरण न्यायालयात आहे, त्यांच्या दुःखावर कथानक उभारणे मला मान्य नव्हते. मी कृष्णाकाठचा एक काल्पनिक वाडा घेतला आणि त्यात २००८ ते २०१९ या ११ वर्षांत झालेले चार मृत्यू कल्पिले. पुण्यात स्थायिक झालेली थोरली मुलगी सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यासाठी गावी येते, तलाठ्याने मागितलेले चार मृत्यूचे दाखले गोळा करते आणि ते शेजारी शेजारी ठेवल्यावर तिला पहिली शंका येते, अशी सुरुवात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये लेखन सुरू केले. सकाळी साडेपाच ते सात ही वेळ ठरवली होती. परीक्षांचे दिवस सोडले तर ती पाळली. मे २०२३ च्या सुटीत ३१० हस्तलिखित पानांचा पहिला खर्डा पूर्ण झाला आणि तो चांगला झाला आहे असे मला मनापासून वाटत होते.

जून २०२३ मध्ये तो खर्डा माझ्या यजमानांच्या ओळखीने एका निवृत्त प्राध्यापक डॉक्टरांकडे दिला. त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे. त्यांनी एकच अट घातली, की आपले नाव कुठेही येऊ नये. महिनाभराने त्यांनी घरी बोलावले. समोर माझी फाइल होती आणि तिच्यावर त्यांच्या बारीक अक्षरातले दोन कागद.

“बाई, हा दाखला तुम्ही कधी नीट पाहिला आहे का?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

माझ्या पहिल्या प्रकरणात मुलगी दाखल्यांवरची मृत्यूची कारणे वाचते : ‘हृदयविकार’, ‘हृदयविकार’, ‘अतिसार’, ‘हृदयविकार’. डॉक्टरांनी सांगितले, की कुटुंबाला मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिलेलेच नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार नोंदवहीतून दिल्या जाणाऱ्या उताऱ्यात कारण उघड करता येत नाही. दाखल्यावर नाव, लिंग, मृत्यूची तारीख, ठिकाण, आई-वडिलांचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक एवढेच असते. कारण वेगळ्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर असते : रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा, नमुना ४-अ. तो कागद निबंधकाकडे जातो आणि २०२३ पर्यंत तरी घरच्यांच्या हाती सहसा राहत नसे. मी घरी येऊन सासऱ्यांचा दाखला कपाटातून काढला. १४ वर्षे तो आमच्याकडे आहे, वारसाच्या आणि बँकेच्या कामांसाठी मी त्याच्या किती तरी प्रती काढल्या आहेत, आणि त्यावर कारण नाही हे मी कधी पाहिले नव्हते.

दुसरी चूक याहून मोठी होती. तिसऱ्या मृत्यूच्या प्रसंगी माझे सरकारी डॉक्टर शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहून विषाचे नाव सांगतात आणि फौजदार त्याच संध्याकाळी वाड्यावर जाऊन जबाब घेतो. डॉक्टरांनी ती पाच पाने काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “असे नाव सांगणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही. तो फार तर ‘मृत्यूचे कारण राखून ठेवले’ असे लिहील.” मग त्यांनी दीड तास सगळी पद्धत समजावली. विषबाधेचा संशय असेल तर जठर व त्यातील पदार्थ, लहान आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड असे अवयव व त्यांचे भाग बाटल्यांत राखून ठेवतात. यालाच सगळे जण व्हिसेरा म्हणतात. त्यासाठी साध्या मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. फॉर्मालिन चालत नाही, कारण त्याने विषाची तपासणी अवघड होते. बाटली दोन-तृतीयांशच भरतात, म्हणजे आत वायू साठला तरी ती फुटत नाही. वापरलेल्या द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवतात, जेणेकरून विष द्रावणातूनच आले असे कुणी म्हणू नये. मोहोरेचा नमुनाही सोबत जातो. हे सगळे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचते. तिचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे; पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड आणि आमच्या जवळची कोल्हापूर अशा प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. अहवाल येईपर्यंत महिने जातात, आणि तोपर्यंत कागदोपत्री त्या माणसाच्या मृत्यूला कारण नसते.

रिक्षातून घरी येताना मला रडू येत होते. १० महिन्यांचे काम कोसळल्यासारखे वाटले. पण रात्री एक वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले : तोपर्यंत मृत्यूला कारण नसते. माझ्या वाड्यातली माणसे त्या महिन्यांत काय करत असतील? ती त्याच स्वयंपाकघरात जेवत असतील. सकाळचा चहा कुणी तरी एकच माणूस सगळ्यांना देत असेल. कुणालाही अटक झालेली नसेल, कुणावर आरोपही नसेल, आणि तरीही प्रत्येक जण कप उचलण्यापूर्वी क्षणभर थांबत असेल. मी घाईने मिटवून टाकलेल्या त्या प्रतीक्षेतच माझ्या कादंबरीचे सगळे भय होते. पुढचे दीड वर्ष मी त्याच गोष्टीसाठी काम केले.

त्यासाठी पोलिसांची बाजू समजून घेणे आवश्यक होते. एका माजी विद्यार्थ्याचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला मॅडम. जुलै आणि ऑगस्टमध्ये चार रविवार मी त्यांच्या ओसरीवर वही घेऊन बसले. गावात संशयास्पद मृत्यू झाला तर पोलीस पाटील खबर देतो. ठाण्यात गुन्हा दाखल होत नाही, ‘अकस्मात मृत्यू’ नोंदला जातो, ज्याला ठाण्यात सगळे ए.डी. म्हणतात. मग पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो, म्हणजे इन्क्वेस्ट. त्यात मयताची स्थिती, अंगावरचे कपडे, डोळे, जीभ, नखे, खुणा यांचे वर्णन येते आणि पंचांना मरणाचे कारण काय वाटते तेही लिहिले जाते. त्यानंतर मृतदेह शवविच्छेदनाला जातो. ए.डी.चे कागद शेवटी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे जातात. चौकशीत घातपात दिसला तरच पुढे खुनाचा गुन्हा दाखल होतो. काका म्हणाले, “मॅडम, तुमच्या पुस्तकातले साहेब दुसऱ्या पानावर खून म्हणतात. आमच्याकडे तो शब्द कागदावर यायलाच फार वेळ लागतो.”

मी विचारलेल्या प्रश्नांपेक्षा, न विचारता त्यांनी सांगितलेल्या गोष्टी जास्त उपयोगी पडल्या. जाणकार माणसाकडे जाताना प्रश्नांची यादी न्यावी, पण ती संपल्यावर लगेच उठू नये, असे मी सुचवीन. चहा होऊन वही मिटली की खरे बोलणे सुरू होते. त्यांनी सांगितलेल्या कोणत्याही प्रत्यक्ष प्रकरणातील नाव, गाव किंवा वर्ष मी लिहून घेतले नाही. त्यांनीही ते सांगितले नाही.

पंचनाम्याचा कोरा नमुना आणि व्हिसेऱ्यासोबत जाणारे पत्र कसे दिसते, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते. १४ ऑगस्ट २०२३ रोजी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावतात. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा, असा नियम आहे. कोणत्याही प्रकरणाचे कागद मागू नयेत; तपास चालू असेल तर कलम ८(१)(ज) खाली नकार येतो आणि इतरांच्या खासगी आयुष्यातही आपण नकळत शिरतो. मी केवळ कोरे नमुने मागितले होते, तरी ३० दिवसांत उत्तर आले नाही. २५ सप्टेंबरला २० रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील केले. १७ ऑक्टोबरला सुनावणी झाली. मी शाळेतून अर्धा दिवस रजा घेऊन गेले होते आणि वाट पाहताना हात गार पडले होते, पण प्रत्यक्षात ती सहा मिनिटांत संपली. अपिलीय अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला : हे कशासाठी हवे आहे? कायद्याने कारण सांगणे बंधनकारक नाही, तरीही मी खरे ते सांगितले. ९ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या तीन दिवस आधी, १८ पाने मिळाली. पानाला २ रुपयांप्रमाणे ३६ रुपये भरले. पोच घेतलेली प्रत आणि तारखांची नोंद पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवली होती, त्यामुळे अपील लिहिताना काही शोधावे लागले नाही.

सुनावणी झाली त्याच आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यातल्या महागावची बातमी वाचली. सुमारे तीन आठवड्यांच्या काळात एकाच कुटुंबातील व नात्यातील पाच जण दगावले होते, आणि अन्नपाण्यातून जड धातूचे विष दिल्याच्या आरोपावरून नात्यातल्याच दोन स्त्रियांना अटक झाली होती. माझ्या कथानकातही धातूचेच विष होते, त्याचे नाव होते, लक्षणांचा क्रम होता आणि ते कसे मिळवले याचा एक परिच्छेदही होता. विज्ञान शिकवत असल्याने तो मी फार काळजीपूर्वक लिहिला होता. बातमी वाचल्यावर तीन आठवडे मी वही उघडली नाही. मग उघडली ती तो परिच्छेद काढण्यासाठी. छापलेल्या कादंबरीत विषाचे नाव नाही, मात्रा नाही, मिळवण्याचा मार्ग नाही. एका वाचकाने पुढे ही उणीव असल्याचे कळवले. माझे मत बदललेले नाही. वाचकाला भय वाटण्यासाठी पायांची आग होणारी, रात्रभर तळवे थंड फरशीवर ठेवून बसणारी आणि हा वाताचा त्रास आहे असे घरच्यांना समजावणारी माणसे पुरेशी होती.

त्याच सुमारास केरळमधील कूडतायी येथील प्रकरणाविषयी जे उपलब्ध होते ते सगळे वाचले. २००२ ते २०१६ या काळात एकाच कुटुंबातील व नात्यातील सहा जणांचा मृत्यू झाला होता. त्यांपैकी २०११ मधल्या एकाच मृत्यूचे शवविच्छेदन झाले, त्यात सायनाइड आढळले, तरीही ती आत्महत्या समजली गेली. कुटुंबातीलच एकाच्या तक्रारीनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये दफनभूमीतून अवशेष बाहेर काढले गेले आणि घरातील सुनेला अटक झाली. मला त्यातली तारखांमधली अंतरे सर्वांत अस्वस्थ करून गेली. दोन मृत्यूंमध्ये वर्षे गेली की घर पुन्हा सावरते, लग्ने होतात, मुले जन्मतात, आणि मागचे मरण वेगळे, स्वतंत्र वाटू लागते.

इथे माझ्यासमोर एक प्रश्न उभा राहिला. ते कुटुंब ख्रिस्ती असल्याने दफन झाले होते आणि म्हणून अवशेष तपासता आले. आमच्या भागात लिंगायत समाजात दफन करतात. वाडा लिंगायत कुटुंबाचा केला असता तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह उकरून काढण्याचा प्रसंग लिहिता आला असता आणि तो प्रभावी झाला असता. मी दोन महिने दोन्ही बाजूंनी लिहून पाहिले. शेवटी दहनच ठेवले. काही धातूजन्य विषे राखेतही सापडू शकतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण तिसऱ्या दिवशी सावडून अस्थी आणि राख कृष्णेत गेली की मागे काहीच उरत नाही. माझ्या नायिकेच्या हाती चार दाखले उरतात, आणि चौघांपैकी एकाच मृत्यूची ए.डी. झाली असल्याने प्रयोगशाळेचा एक अहवाल. तिला एवढ्यावरूनच पुढे जायचे असते. पुराव्याची ही टंचाई मी निवडल्यावर कथानक एकदम ताठ झाले.

न्यायालय पाहणे बाकी होते. खुले न्यायालय कुणालाही बसून ऐकता येते, हे मला वयाच्या ५१ व्या वर्षी प्रथम कळले. शाळेच्या दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत न्यायालयांनाही सुटी असते, त्यामुळे शिक्षकांनी सुटीवर अवलंबून राहू नये. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच किरकोळ रजा टाकल्या. साक्षीच्या तारखा ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर आदल्या संध्याकाळी पाहत असे, तरी पाचपैकी दोन दिवस साक्षीदार न आल्याने तारीख पडली. दारातील शिपायाला आपण कोण ते नम्रपणे सांगावे, भ्रमणध्वनी बंद ठेवावा आणि मागच्या बाकावर बसावे. आत लिहून घेण्याविषयी आधी विचारावे. मला टिपणे काढू दिली.

तिसऱ्या दिवशी एका पोलीस शिपायाची साक्ष होती. त्याने सीलबंद बाटल्या प्रयोगशाळेत पोचवल्या होत्या, एवढेच त्याचे काम. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी विचारलेले प्रश्न, पाच मिनिटांत झाला. उलटतपास मात्र चाळीस मिनिटे चालला. शवविच्छेदन आणि प्रयोगशाळेची पोच यांत ११ दिवसांचे अंतर होते. त्या ११ दिवसांत बाटल्या कुठे होत्या, मुद्देमाल खोलीची किल्ली कुणाकडे होती, नोंदवहीत बाहेर काढल्याची वेळ का नाही, मोहोर शाबूत होती हे कशावरून म्हणता, असे प्रश्न बचावाचे वकील अत्यंत शांतपणे विचारत होते. शिपाई तरुण होता. त्याने कोणताही अपराध केलेला नव्हता, तरी त्याच्या कानशिलांवर घाम दिसत होता. विषाचे नाव, हेतू, नातेसंबंध यांतले काहीही त्या चाळीस मिनिटांत आले नाही, आणि तरी सगळे न्यायालय श्वास रोखून ऐकत होते. पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडलेला तो पोचपावतीचा कागद न्यायाधीशांनी उंच धरून उजेडात पाहिला. माझ्या कादंबरीतले १६ वे प्रकरण त्या बाकावर सुचले. घटना मी पूर्ण बदलली; ती शांतता तशीच ठेवली.

मार्च ते ऑगस्ट २०२४ पुनर्लेखन केले. याच काळात, १ जुलै २०२४ पासून, नवे फौजदारी कायदे लागू झाले. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होणारी अकस्मात मृत्यूची चौकशी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, आणि अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचे बंधन त्यात स्पष्ट लिहिले आहे. खुनाचे कलम ३०२ होते, ते भारतीय न्याय संहितेत १०३ झाले. एका मैत्रिणीने प्रेमाने सगळी कलमे नवी करून दिली होती. ती मला पुन्हा जुनी करावी लागली, कारण माझी घटना २०१९ मध्ये संपते. आपली कथा कोणत्या तारखेला घडते हे आधी ठरवावे आणि कलमे त्यानुसार लिहावीत.

सप्टेंबरमध्ये तीन प्रकाशकांकडे टंकलिखित प्रत पाठवली. एकाचे उत्तर आलेच नाही. दुसऱ्यांनी चार महिन्यांनी सौजन्याने नकार कळवला, आणि रहस्यकथा आता ग्रंथालयांतही कमी मागितल्या जातात असे कारण दिले. तिसऱ्यांनी स्वीकारली, पण खर्च मी करावा, ३०० प्रती मी विकत घ्याव्यात आणि हक्क १० वर्षे त्यांच्याकडे असावेत असा करार पुढे केला. तो मी एका वकिलांना दाखवला आणि सही केली नाही. ते दोन महिने मनाने फार जड गेले. यजमानांनी एका रात्री जेवताना म्हटले, “खर्च तूच करणार असशील तर हक्कही तुझ्याकडेच राहू देत,” आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मी स्वतः प्रकाशित करण्याचे ठरवले.

आय.एस.बी.एन., म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, अर्ज संगणकावरून करता येतो आणि त्याला शुल्क नाही. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. मला तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा ओळखपत्रावरील नाव आणि अर्जातील नाव यांत आडनावाच्या स्पेलिंगचा फरक निघाल्याने गेला.

सर्वांत जास्त श्रम अक्षरजुळणीत गेले. मी संगणकावर युनिकोडमध्ये टंकलेखन केले होते, मुद्रणालयाचे काम श्रीलिपी या वेगळ्या टंकप्रणालीत चालत होते. रूपांतर करताना रफार शेजारच्या अक्षरावर गेले, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र काही ठिकाणी नाहीसा झाला, आणि ‘मृत्यू’ या शब्दाचा ऊकार २०० हून अधिक जागी तुटला. मृत्यूंच्या कादंबरीत तोच शब्द चुकलेला पाहून मला फार वाईट वाटले. तीन मुद्रिते (प्रुफे) तपासली. शेवटचे मुद्रित पडद्यावर न वाचता कागदावर, पट्टी धरून, मोठ्याने वाचले. त्या वाचनात आणखी ६१ चुका मिळाल्या. रूपांतरानंतर मजकूर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो, हे वेळापत्रकात धरावे.

खर्च असा झाला : २३२ पानांची जुळणी ४५ रुपयांप्रमाणे १०,४४०, मुद्रितशोधन ३० रुपयांप्रमाणे ६,९६०, मुखपृष्ठ ७,०००, आणि ५०० प्रतींची छपाई व बांधणी ५८,०००. एकूण ८२,४०० रुपये, म्हणजे प्रतीमागे सुमारे १६५. ही रक्कम मी भविष्य निर्वाह निधीतून काढली नाही. दोन वर्षे दरमहा बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिली. हे आधी ठरवले असल्यामुळे प्रती विकल्या गेल्या नाहीत तर काय, ही चिंता घरात शिरली नाही.

जून २०२५ मध्ये प्रती घरी आल्या. ग्रंथ वितरण अधिनियम, १९५४ नुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय. टपाल कार्यालयात चार पाकिटांवर ते चार पत्ते लिहिताना मला जे वाटले ते प्रकाशनाच्या छोट्या घरगुती कार्यक्रमातही वाटले नाही. त्याच आठवड्यात स्वामित्व हक्काच्या नोंदणीचा अर्ज केला. लेखनाचा हक्क लेखन होताच आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर ती पुरावा म्हणून कामी येते. साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. अर्ज केल्यावर डायरी क्रमांक मिळतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते, त्यानंतर छाननी होते. माझ्या अर्जात एक त्रुटी निघाली, प्रकाशनाचे ठिकाण लिहायचे राहिले होते. ती दुरुस्त केली आणि ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र आले. तोवर २१३ प्रती गेल्या होत्या.

पहिली प्रत डॉक्टरांना दिली होती आणि दुसरी हवालदार काकांना. डॉक्टरांनी फोन करून ‘दाखला बरोबर आला’ एवढेच सांगितले. काकांनी दोन महिने काही कळवले नाही. दसऱ्याला सोने द्यायला आले तेव्हा त्यांनी पिशवीतून आपली प्रत काढली. पान १३१ वर पेन्सिलीने बारीक खूण होती. बाटलीवरच्या कागदी चिठ्ठीवर मी फौजदाराची सही लिहिली होती. काकांचे म्हणणे होते, की मोहोर आणि सही शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची हवी, फौजदार तिथे नंतर येतो. त्यांनी ते पान माझ्याकडे वळवले आणि म्हणाले, “मॅडम, बचावाचा वकील इथेच धरेल.” मी त्यांच्यासमोरच दुरुस्तीच्या वहीत पान आणि ओळ लिहून घेतली.